पंचगंगेचा पूर आणि तळमजल्याचं घर: आधी घराचा आकडा काढा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं माहेर देवगडचं. गेल्या दिवाळीनंतर तुम्ही कोल्हापुरात रमणमळ्याच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने राहायला आलात. घरात इन्सुलिनवर असलेले सासरे, दोन लहान मुलं आणि शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जाणारे मिस्टर. वादळाची तयारी तुम्हाला माहेरी पाहून ठाऊक आहे, पुराची नाही. तुम्ही विचारलंय की तीच तयारी इथे चालेल का, घर कधी सोडायचं, विजेच्या वस्तूंचं काय करायचं, आणि मुळात हे घर बदलावं का.

मी पस्तीस वर्षं वायरमनचं काम करतोय. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांत तालमीच्या पोरांबरोबर पाण्यात होतो आणि पाणी उतरल्यावर निदान दोन-अडीचशे घरांचं वायरिंग उघडून पाहिलंय. त्यामुळे विजेवर जरा जास्त बोललो तर चालवून घ्या.

पहिली गोष्ट: वादळ आणि पंचगंगेचा पूर यांचा स्वभावच वेगळा. ‘फयान’ असो, ‘निसर्ग’ असो की ‘तौक्ते’, वादळ येतं, काही तासांत कौलं, पत्रे, माड आडवे करतं आणि निघून जातं. तिथली तयारी म्हणजे जे उडेल ते बांधायचं आणि खिडक्या बंद करून आत बसायचं. इथे उलटं. पंचगंगा धावत अंगावर येत नाही, ती बोटाबोटाने चढते. आधी गटारातून बुडबुडे येतात, मग गल्लीच्या तोंडाशी पाणी थांबल्यासारखं दिसतं. माणसं खुर्च्या टाकून बघत बसतात. कुणीतरी वीट ठेवतो, ‘विटंपर्यंत आलं की उठायचं’ म्हणतो. रात्री जेवून झोपतात आणि पहाटे पाय खाली टाकला की चपला तरंगत असतात. वादळात आत बसणारा शहाणा, पुरात आत बसणारा फसतो. माहेरची एवढी एक सवय इथे सोडा. बाकी मेणबत्त्या, काडेपेटी, रॉकेलचा दिवा, सुकं खाणं ही तयारी चालेल तशीच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी: कोल्हापुरात पुराची तयारी पावसाकडे बघून करायची नसते, फुटांकडे बघून करायची असते. शहरात ऊन पडलेलं असताना नदी चढलेली मी पाहिली आहे. कारण पाणी इथल्या पावसाचं नसतंच. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या घाटाकडून पाणी आणतात आणि प्रयाग चिखलीला एकत्र होतात. गगनबावड्याला, राधानगरीला रात्रभर कोसळलं की आपल्याला त्याचं पाणी नंतर दिसतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पातळी गाठली की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ‘राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला’ ही बातमी आमच्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगतात. पुढे नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच दुथडी भरून चालली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे जागा नसते. ते मागे फुगतं, त्याला आम्ही फुग म्हणतो. म्हणून इथला पूर चढायला जसा वेळ घेतो तसा उतरायला त्याहून जास्त घेतो. कोकणात वादळानंतर दुसऱ्या दिवशी अंगण झाडायला घेता येतं. इथे घरात आठ-आठ दिवस पाणी बसून राहतं. नुकसान पाण्यानं होतं त्याहून त्याच्या मुक्कामानं जास्त होतं.

फूट मोजतात ते कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष दिवसातून अनेकदा हा आकडा देतो. जुनी माणसं अजून ‘मच्छिंद्रीला पाणी लागलं का’ विचारतात. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावरचा मासा ही त्यांची खूण. तुम्ही आकड्यावर राहा.

पण ३९ आणि ४३ हे शहराचे आकडे झाले, तुमच्या घराचा आकडा वेगळा. तो कुणी सांगणार नाही, तुम्हालाच काढावा लागेल. या रविवारी काढा. कसा ते सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैमध्ये सव्वाछप्पनच्या आसपास. तुमच्या भिंतीवर २०२१ ची रेघ कुठे आहे ते घरमालकांना विचारा. रंग दिला असला तरी जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे किंवा कंपाउंडच्या आतल्या बाजूला ती सापडते. नाहीच सापडली तर शेजारच्या जुन्या आजींना विचारा, त्या खिडकीच्या गजावर बोट ठेवून दाखवतील. त्या रेघेपासून तुमच्या फरशीपर्यंत टेपने मोजा. समजा चार फूट तीन इंच भरलं. सव्वाछप्पनमधून ते वजा केलं की राहिले बावन्न. म्हणजे बंधाऱ्यावर ५२ झाले की तुमच्या फरशीला पाणी लागणार. आता दारातून बाहेर पडून मुख्य रस्त्यापर्यंत चाला आणि वाटेतली सगळ्यात खोलगट जागा हेरा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणली तर फरशी आणि त्या जागेतला फरक अचूक निघतो. दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. तो फरक तीन फूट निघाला तर तुमचा रस्ता ४९ लाच बंद होणार. नदीचा उतार, फुग, नाल्याचं पाणी यांमुळे हे गणित इंचाला इंच जुळत नाही, म्हणून एक फूट आणखी सोडा. म्हणजे तुमच्या घराचा आकडा झाला ४८. ५२ नव्हे. फरशीचा आकडा सामानासाठी, रस्त्याचा आकडा माणसांसाठी. बहुतेक जण इथेच गल्लत करतात आणि मग बोटीची वाट बघतात.

हा आकडा पेन्सिलीने मीटरच्या पेटीच्या दारावर लिहून ठेवा. माझ्या घरी लिहिलेला आहे.

असं का म्हणतो त्याची एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. २००५ ला आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं होतं. त्यानंतर मी शहाणपणा करून छातीच्या उंचीवर जाड फळ्यांचा माळा मारून घेतला. वायरची बंडलं, ड्रिल मशीन, वीस वर्षांच्या कामाच्या वह्या, पोरीच्या शाळेची सर्टिफिकेटं, सगळं त्यावर. २०१९ ला पाणी वाढायला लागलं तसा शेजारी म्हणाला, ‘२००५ च्या वर जातंय व्हय कधी?’ मलाही पटलं. मी सगळं माळ्यावर ठेवून निर्धास्तपणे दुसऱ्यांची घरं रिकामी करायला गेलो. परत आलो तेव्हा माळा पाण्याखाली होता. वह्यांचा लगदा झाला होता, सर्टिफिकेटं एकमेकांना चिकटली होती, ती वाळवून सोडवताना अर्धी शाई कागदावरून निघून आली. पुढे २०२१ ला लोक म्हणाले, ‘२०१९ एवढं आता पन्नास वर्षांत येत न्हाई.’ दोन वर्षांत ते मागं पडलं. म्हणून जुनी रेघ ही गणितासाठी वापरायची, भरवशासाठी नाही.

आता कधी काय करायचं. मृग-आर्द्रा निवांत गेले म्हणून कोल्हापूरकर निवांत होत नाही. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा आणि आश्लेषाच्या पावसाला आसळका. २०२१ चा पूर म्हाताऱ्यानं आणला, २०१९ चा आसळक्यानं. म्हणजे साधारण आषाढी एकादशीच्या आधी तुमची तयारी पूर्ण हवी. कागदपत्रं, औषधं, पिशव्या, बोलणी, सगळं. पाणी पात्राबाहेर पडल्यावर करायचं काम फक्त उचलाउचलीचं असावं, विचार करायचं नसावं.

३९ झाले की स्कूटर उंचावर नेऊन लावायची. सानेगुरुजी वसाहत, राजारामपुरीचा वरचा भाग, जिथे ओळखीचं दार असेल तिथे. ही बोलणी आत्ताच करून ठेवा, त्या दिवशी प्रत्येकाच्या दारात चार-चार गाड्या असतात. त्याच दिवशी वरच्या मजल्यावर जड सामान हलवायला सुरुवात. तुमच्यावर घरमालक राहतात की दुसरे भाडेकरू ते तुम्ही लिहिलं नाही. कुणीही असोत, ‘पूर आला तर तुमच्या गच्चीवरच्या खोलीत फ्रिज, मशीन आणि चार पोती ठेवू का’ हे जूनमध्ये चहा पाजून विचारायचं. नाही म्हणणारा माणूस अजून मला कोल्हापुरात भेटला नाही, पण न विचारता पावसात फ्रिज घेऊन जिना चढणारे भेटलेत.

४३ झाले की सासरे आणि मुलं यांना हलवायचं, तुमचा आकडा ४८ असला तरी. म्हातारं माणूस आणि पोरं यांना पाच फुटांचा मोकळा वेळ द्यावा. ते दिवसाउजेडी, रिक्षात बसून, स्वतःच्या पायाने जावेत. चार माणसांनी खुर्चीत बसवून, गुडघाभर पाण्यातून, रात्री बॅटरीच्या उजेडात नेलं की त्यांची तब्येत आणि मन दोन्ही खचतं. मी असे दहा-बारा म्हातारे उचललेत. प्रत्येक जण वाटेत एकच वाक्य म्हणतो, ‘सकाळीच जायला पायजे होतं.’ आणि २०१९ सारखा सवडीनं चढणारा पूर येईल असंही धरून चालू नका. २०२१ ला पाणी इतक्या झपाट्याने वाढलं की इशारा आणि धोका यांच्यातलं अंतर लोकांना कळलंच नाही.

जायचं कुठे? नातेवाईक असतील तर उत्तम, नसतील तर महापालिकेच्या निवारा केंद्रात. सुतारवाड्यातली कुटुंबं दरवेळी चित्रदुर्ग मठात जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ‘केंद्रात कसं जायचं, लोक काय म्हणतील’ असा विचार मध्यमवर्गीय गल्ल्यांतच जास्त ऐकतो, आणि बोटीतून शेवटी निघणारी माणसंही तिथलीच असतात. चोरीच्या भीतीने एका पुरुषाला गच्चीवर राखणीला ठेवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्या एका माणसाला दूध-भाकरी पोचवायला रोज बोट आणि तीन पोरं खर्ची पडतात. कुलूप लावा, दागिने बँकेत ठेवा, तालमीच्या पोरांना सांगून ठेवा आणि निघा.

मिस्टरांचं वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. एमआयडीसीत रात्रपाळीला गेलेला माणूस पलीकडे अडकला, घर अलीकडे. तेव्हा ते पलीकडे आहेत असं गृहीत धरूनच बेत आखा. म्हणजे तुम्ही एकट्या, दोन मुलं आणि सासरे, एवढ्यांना काय उचलता येईल तेवढंच सामान. जड उचलायच्या गोष्टी त्यांनी आधीच्या सुट्टीला उचललेल्या असाव्यात. त्यांच्याही बॅगेत दोन दिवसांचे कपडे आणि चार्जर असू द्या. आणि कुठे भेटायचं ते आधी ठरवा, कारण मोबाईलचे टॉवरही बसतात.

आता वीज. इथे मी जरा रेंगाळणार.

२०१९ ला शाहूपुरी कुंभार गल्लीत एका घरात शिरलो. गुडघ्याच्या वर पाणी. घरधनी म्हणाले, ‘मेन बंद केलाय, या बिनधास्त.’ मी दोन पावलं आत टाकली आणि स्वयंपाकघराकडे नजर गेली. छोटा एलईडी दिवा मिणमिणत होता. मेन बंद आणि दिवा चालू! मी तिथल्या तिथे मागे फिरलो, त्यांनाही हाताला धरून बाहेर काढलं. कोपऱ्यात पाण्याच्या जेमतेम वितभर वर इन्व्हर्टर बसला होता. मेन स्विच बंद केला की महावितरणची वीज बंद होते. इन्व्हर्टरला ती ‘लाईट गेली’ अशी खबर मिळते आणि तो इमानदारीनं घरात २३० व्होल्ट सोडायला लागतो. खालचे प्लग पाण्यात असतील तर तो करंट पाण्यात. गच्चीवर सोलर असेल तर त्याचीही वायर दिवसा जिवंत असते, तिचा वेगळा स्विच असतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: पाणी गल्लीत आलं की, फरशीला लागायच्या कितीतरी आधी, हात आणि पाय कोरडे असताना, आधी इन्व्हर्टर बंद करायचा आणि मग मेन. त्यानंतर बॅटरीचे दोन्ही पोल सोडायचे, आधी निगेटिव्ह. बॅटरी दोन माणसांनी उभीच धरून वर न्यायची, आडवी केली तर ॲसिड सांडतं. आणि एकदा पाणी घरात शिरलं की मेन बंद करायला म्हणून आत जायचं नाही. राहिला तर राहू दे. १९१२ ला किंवा भागातल्या लाईनमनला फोन करून डीपीवरूनच, म्हणजे गल्लीच्या वीजपेटीतूनच, बंद करून घ्यायचं.

पावसाळ्याआधी एक काम जरूर करून घ्या. मेन बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. तीस मिलिअँपिअरची असते, तिच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खाडकन पडली तर ठीक, नाही पडली तर बदला. भाड्याचं घर असलं तरी यात घरमालकाशी घासाघीस करू नका, तुमच्या मुलांसाठी आहे ते. आणि मालक रंगकाम काढणार असतील तर तेव्हाच खालचे प्लग छातीच्या वर घ्यायला सांगा. आमच्या गल्लीत आता फरशीजवळ एकही प्लग नाही. पाहुणे हसतात, मोबाईल चार्जिंगला लावायला हात वर करावा लागतो म्हणून.

पाणी उतरल्यावर सगळ्यात जास्त अपघात ‘बघू तरी लागतेय का’ म्हणून मेन वर करताना होतात. भिंतीत पुरलेल्या पाईपात पाणी आणि गाळ बसलेला असतो, भिंत वरून कोरडी दिसते. सगळे बोर्ड उघडायचे, पाईपात हवा मारून घ्यायची, भिजलेले एमसीबी आणि स्विच टाकून द्यायचे, आठ-दहा दिवस सुकू द्यायचं आणि वायरमनकडून मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून घ्यायचं. टेस्टरने बघून ‘चालतंय’ म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद डबा असतो, तो बऱ्याचदा वाचतो, पण रिले आणि वायरिंग बदलून घेतल्याशिवाय लावू नका. वॉशिंग मशीनचं कार्ड बुडालं की गेलंच समजा. म्हणून वर न्यायची वेळ आली आणि एकच वस्तू नेता येत असेल, तर मी मशीन नेईन. फ्रिज जड असतो, आणि दुसरं म्हणजे तो तरंगतो. खरंच. आत फोम भरलेला असल्याने तो होडीसारखा उचलला जातो आणि दार अडवून आडवा होतो. पाणी उतरल्यावर दार आत ढकलता येत नाही ते त्यामुळे. खाली ठेवायचाच असेल तर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा.

तीच गोष्ट गॅसची. लोकांना वाटतं भरलेलं सिलिंडर जड, ते कुठे जातंय. १४.२ किलो गॅस आणि पंधरा-सोळा किलोचं लोखंड मिळूनही ते त्याच्या आकाराच्या पाण्यापेक्षा हलकंच पडतं. भरलेलंही तरंगतं, रिकामं तर नाचतं. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, साखळीने उभं बांधा, किंवा सरळ वर पोचवा. पाण्याच्या टाकीचं मात्र वेगळं, ती काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे ती हलत नाही आणि पाणीही राहतं. जमिनीतली टाकी असेल तर तिचं झाकण पूर आल्यावर कामाचं नाही, आत गटाराचं पाणी जाणारच. वापरायचं पाणी वर.

संडासाकडे कुणी लक्ष देत नाही. तळमजल्याच्या घरात पाणी पहिल्यांदा दारातून येत नाही, भांड्यातून आणि न्हाणीच्या जाळीतून येतं. जाड प्लॅस्टिकच्या पोत्यात वाळू भरून एक पोतं भांड्यात आणि एक जाळीवर दाबून ठेवा. दारात वाळूची पोती रचायचा उद्योग मात्र इथे करू नका. दोन तास थांबणाऱ्या पाण्याला ती अडवतात, आठ दिवस राहणाऱ्याला नाही.

प्यायच्या पाण्याचं ऐका. २०१९ ला शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं बुडाली आणि ज्यांच्या दारात थेंब आला नाही त्या राजारामपुरीतही नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि प्यायला टँकर! आता काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आली आहे, तरी वीज गेली की पंप थांबतातच. माणशी रोज पाच लिटर, तुम्ही पाच जण, सात दिवस, म्हणजे पावणेदोनशे लिटर प्यायचं-स्वयंपाकाचं पाणी कॅनमध्ये भरून वरच्या मजल्यावर. पुरानंतर नळाला आलेलं पाणी गढूळ नसलं तरी काही दिवस उकळूनच. पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली घरात असू द्या. २०१९ लाच शहराचे रस्ते तुटले, पंपांवर पेट्रोल संपलं, उरलेलं अत्यावश्यक गाड्यांना राखलं गेलं, भाजी-दूध मिळेना. एटीएम बंद, मोबाईलवरून पैसे जात नाहीत. दोन-तीन हजार रुपये सुट्ट्या नोटांत बाजूला ठेवा.

सासऱ्यांचं इन्सुलिन: महिन्याचा साठा जुलैच्या सुरुवातीलाच आणा. वीज गेल्यावर फ्रिजचा उपयोग नाही. एका मातीच्या माठात छोटं मडकं ठेवायचं, मध्ये ओली वाळू भरायची, मडक्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन ठेवायचं, वरून ओलं फडकं. पावसाळ्याच्या हवेत एवढ्याने भागतं. तरी उघडलेली आणि न उघडलेली बाटली बाहेर किती दिवस चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून डब्यावर लिहा. केंद्रात गेल्यावर जेवणाच्या वेळा चुकतात, तेव्हा साखर खिशात हवी.

कागदपत्रांत आधार, रेशन कार्ड, पासबुक, भाडेकरार, मुलांचे दाखले, औषधांची चिठ्ठी. दोन प्लॅस्टिक पिशव्या एकात एक, मग स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा. फोटो काढून देवगडला आईच्या नाहीतर भावाच्या फोनवर पाठवा, तिथे निदान पंचगंगा येणार नाही. भाडेकरार मुद्दाम सांगितला. पाणी उतरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा भाडेकरू आणि मालक यांच्यात ‘नुकसान कुणाचं’ यावरून वाद होतात. म्हणून जूनमध्येच प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओ काढून ठेवा, आणि परत आल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी दुसरा. पंचनाम्याआधी सगळं धुऊन चकाचक केलेल्या घरात नुकसान दाखवणं अवघड जातं. भाडेकरूलाही घरातल्या सामानाचा विमा काढता येतो, फार महाग नसतो, पुराचं कलम आहे ना ते वाचून घ्या. गाडीला नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचं काही मिळत नाही. आणि पाण्यात बुडालेली गाडी ‘एकदा किक मारून बघू’ करू नका. इंजिनात पाणी शिरून ते नुकसान झालं तर साधा फर्स्ट पार्टी विमाही हात वर करतो, त्याला इंजिनाचं वेगळं कलम लागतं.

परत आल्यावरची एक युक्ती, जी फक्त पूर पाहिलेल्यांनाच ठाऊक असते. पाणी उतरत असताना, घरात अजून पोटरीभर असतानाच, दिवसा, वीज डीपीवरून बंद असल्याची खात्री करून, गमबूट घालून जाता आलं तर जा आणि भिंती, कपाटं त्याच उतरत्या पाण्याने खराट्याने घासून घ्या. गाळ ओला असतो तेव्हा हाताने निघतो. एकदा पाणी गेलं आणि दोन दिवस ऊन लागलं की तोच गाळ सिमेंटसारखा बसतो आणि मग तो धुवायला नळाला पाणी नसतं. कपाटात, गाद्यांखाली हात घालण्याआधी काठीने हलवा, सापही आपल्यासारखेच कोरडी जागा शोधत येतात. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. पुराच्या पाण्यातून चालणाऱ्याने लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल महापालिकेच्या दवाखान्यात विचारावं, ताप आला तर त्याच दिवशी जावं. पोरांना मात्र या सफाईला नेऊ नका. आणि चढत्या पाण्यात ‘पूर बघायला’ घाटावर कणीस खात फिरायची आम्हा कोल्हापूरकरांना खोड आहे, ती तुम्ही लावून घेऊ नका. उघडी मॅनहोल दिसत नाहीत.

फोन नंबर पाठ असावेत ते तीन: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, तातडीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८.

राहिला शेवटचा प्रश्न, घर बदलावं का. ते मी इथून सांगू शकत नाही, तुमची नळी आणि टेप सांगेल. रस्त्याचा आकडा ४५ च्या आत आला, तर अकरा महिन्यांचा करार संपला की दुसरं घर बघा, भाडं कितीही कमी असो. पन्नासच्या पुढे असेल आणि वरच्या मजल्यावरचे लोक बरे असतील, तर मी राहीन. मधला आला तर मालकांना विचारा की पहिल्या मजल्यावरची खोली रिकामी होतेय का. रमणमळ्यात पावसाळ्याआधी अशी खोली रिकामी झाली तर तिला गिऱ्हाईक लगेच लागतं, तेव्हा उद्याच विचारा.